मोटार नसली, तरी विमा

आपल्या देशात मोटारविमा हा वाहनाच्या सोबत चालतो. नवी गाडी विक्रेत्याच्या दालनातून बाहेर पडते तीच विमा उतरवून. ती विकली, तर थर्ड पार्टी विमाही नव्या मालकाकडे जातो. ज्याच्या नावावर वाहनच नाही त्याने मोटारविमा घ्यावा, ही कल्पना आपल्याला काहीशी चमत्कारिक वाटते. म्हणूनच अमेरिकेत शिकणाऱ्या वा नोकरी करणाऱ्या मुलाने ‘परवाना निलंबित झाला आहे, गाडी विकून टाकली, आणि आता विमा घ्यावा लागतो आहे’ असे दूरध्वनीवर सांगितले, की इकडे पुण्यात, इंदूरला, बडोद्याला किंवा हैदराबादेत बसलेल्या आईवडिलांना त्याचा अर्थच लागत नाही. कोणी दलाल मुलाला फसवीत तर नाही ना, अशी शंका प्रथम मनात येते. वास्तविक त्या मागणीमागे तिथला जुना आणि बराच तर्कशुद्ध कायदा उभा आहे.

या कायद्याचे मूळ १९२५ सालापर्यंत मागे जाते. कनेक्टिकट राज्याने त्या वर्षी असा कायदा केला, की अपघातास कारण ठरलेल्या चालकाने पुढील नुकसानभरपाई देण्याची आपली ऐपत सिद्ध करावी. शेजारच्या मॅसॅच्युसेट्सने १९२७ पासून मोटारविमा सर्वांनाच सक्तीचा केला. पुढे बहुतेक राज्यांनी सक्तीचा मार्ग पत्करला, तरी ‘आर्थिक जबाबदारी’ हा मूळ शब्द तिथल्या कायद्यांतून गेला नाही. न्यू हॅम्पशायर राज्यात तर सर्वसामान्य चालकाला आजही विमा सक्तीचा नाही. मात्र गंभीर गुन्हा घडला, की त्यालाही ऐपतीचा पुरावा द्यावाच लागतो. भारतात सक्तीचा थर्ड पार्टी विमा १९३९ च्या मोटार वाहन कायद्यान्वये, १ जुलै १९४६ पासून अमलात आला. आपण वाहनाकडून हमी मागितली. अमेरिकेने वाहनाबरोबर चालकाकडूनही मागितली. सगळा फरक येथे आहे.

हा फरक हप्त्यातही दिसतो. आपल्याकडे मोटारीच्या थर्ड पार्टी विम्याचा दर इंजिनाच्या घनक्षमतेवर ठरतो. चालकाने पूर्वी काय प्रताप केले आहेत, याच्याशी त्या दराचे देणेघेणे नसते. परवाना निलंबनाची मुदत संपल्यावर विमा कंपनीचे प्रमाणपत्र आणा, असेही परिवहन कार्यालय सांगत नाही. अमेरिकेत मात्र चालकाची नोंदवही हेच हप्त्याचे मोठे कारण असते. कॅलिफोर्नियात १९८८ च्या सार्वमताने ‘चांगल्या चालका’ला किमान २० टक्के सवलत मिळाली आहे; मद्यप्राशन करून वाहन चालविल्याचा एक गुन्हा नोंदला गेला, की ती सवलत दहा वर्षे हातची जाते. या बाबतीत अमेरिकेची पद्धत मला अधिक न्याय्य वाटते, अर्थात ती अंगावर येईपर्यंतच.

परवाना निलंबित होण्याची कारणे अनेक. मद्यप्राशन हे सर्वाधिक परिचित. विमा नसताना वाहन चालविणे, विमा नसताना अपघात करणे, अपघाताच्या दाव्यात न्यायालयाने ठरविलेली भरपाई न देणे, वारंवार नियमभंग करून दोषांक साचविणे, ही इतर. येथे आपल्या मुलांचा एक गैरसमज होतो. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत रक्तातील मद्याची मर्यादा ०.०८ टक्के आहे, तर आपल्या कायद्यात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. तेव्हा तिकडचा कायदा सैल आहे, असे त्यांना वाटते. मर्यादा सैल आहे हे खरे. पण ती ओलांडल्यावरची वाट फार लांबलचक आहे. कॅलिफोर्नियात पोलीस अधिकारी परवाना जागेवरच ताब्यात घेतो, निलंबनाचा आदेश हाती देतो, आणि त्याविरुद्ध मोटार वाहन खात्याकडे सुनावणी मागण्यास अवघे १० दिवस मिळतात. आपल्याच देशाच्या परवान्यावर गाडी चालविणारा पाहुणाही यातून सुटत नाही; त्याचा भारतीय परवाना रद्द करता येत नसला, तरी त्या राज्यात वाहन चालविण्याचा त्याचा अधिकार स्थगित होतो.

तो अधिकार परत मिळविताना पुष्कळ राज्ये ‘एसआर-२२’ नावाचा कागद मागतात. लोक त्याला ‘एसआर-२२ विमा’ म्हणतात, पण तो विमा नव्हे. या चालकाने कायद्याला अपेक्षित असलेला दायित्व विमा घेतलेला आहे, असे विमा कंपनीने राज्याच्या खात्याला दिलेले ते प्रमाणपत्र आहे. ते कंपनीच पाठविते. चालकाने स्वतः भरून देण्याचा तो अर्ज नाही. त्यासाठी कंपनी घेते ते शुल्क किरकोळ असते. खरा भार वाढलेल्या हप्त्याचा. न्यूयॉर्क व पेनसिल्व्हेनिया यांसारख्या काही राज्यांत एसआर-२२ ची पद्धत नाही. फ्लॉरिडा आणि व्हर्जिनिया येथे मद्यप्राशनाच्या गुन्ह्यासाठी ‘एफआर-४४’ हा त्याहून कडक प्रकार आहे. फ्लॉरिडात त्याकरिता एका व्यक्तीच्या इजेसाठी १ लाख, एका अपघातातील सर्वांच्या इजेसाठी ३ लाख आणि मालमत्तेच्या हानीसाठी ५० हजार डॉलरचे संरक्षण घ्यावे लागते. म्हणून न्यूजर्सीच्या आतेभावाने दिलेला सल्ला टेक्ससमध्ये लागू पडेलच असे नाही.

आता मूळ प्रश्न. गाडी विकलेली आहे, किंवा कधी नव्हतीच. मग प्रमाणपत्र कोणत्या विम्याचे? त्यासाठी ‘नॉन-ओनर’ पॉलिसी असते. आपण तिला बिगरमालकाचा दायित्व विमा म्हणू. ती व्यक्तीच्या नावे निघते, तीत कोणत्याही वाहनाचा क्रमांक नसतो. परवानगीने दुसऱ्याची गाडी चालविताना आपल्या हातून कोणाला इजा झाली किंवा कोणाच्या मालमत्तेचे नुकसान झाले, तर त्याची भरपाई ही पॉलिसी करते. टेक्ससचे सार्वजनिक सुरक्षा खाते तर वाहन नसलेल्यांनी ही पॉलिसी घ्यावी, असे स्वतःच सांगते.

तिच्या मर्यादा समजून घेणे अधिक महत्त्वाचे. चालविलेल्या गाडीची दुरुस्ती ती देत नाही. चालकाची स्वतःची इजाही सामान्यतः तिच्या कक्षेबाहेर असते. आणि बहुधा ती दुसऱ्या क्रमांकावर उभी असते, म्हणजे आधी गाडीच्या मालकाचा विमा पैसे देतो, तो अपुरा पडला तर ही पॉलिसी पुढे येते. उदाहरणाने पाहू. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून किमान दायित्व मर्यादा एका व्यक्तीच्या इजेसाठी ३० हजार, एका अपघातातील सर्वांसाठी ६० हजार आणि मालमत्तेसाठी १५ हजार डॉलर अशी आहे. त्यापूर्वी ती अनुक्रमे १५, ३० आणि अवघी ५ हजार होती. समजा, मित्राच्या गाडीचा विमा आणि आपली बिगरमालक पॉलिसी, दोन्ही किमान मर्यादेच्या आहेत, आणि आपल्या चुकीने समोरच्या गाडीचे २४ हजार डॉलरचे नुकसान झाले. मित्राचा विमा १५ हजार देईल, उरलेले ९ हजार आपली पॉलिसी देईल. मित्राच्या गाडीचा चेपलेला बोनेट मात्र मित्राने स्वतंत्र संरक्षण घेतले असेल तरच त्याच्या विम्यातून दुरुस्त होईल. एरवी तो खर्च आणि मैत्री, दोन्हींचा हिशेब आपसांतच करावा लागतो.

याहून मोठी अडचण आपल्या मुलांच्या राहणीतून उद्भवते. तीन-चार मराठी मुले मिळून एक सदनिका भाड्याने घेतात, त्यांतील एकाची गाडी असते, आणि किराणा आणण्यापासून विमानतळापर्यंत तीच सर्वांच्या कामी येते. बिगरमालक पॉलिसीत नेमक्या अशाच गाडीला बहुधा स्थान नसते. घरातील व्यक्तीची किंवा नेहमी वापरायला उपलब्ध असलेली गाडी ती वगळते, कारण अधूनमधून मागून घेतलेल्या गाडीची जोखीम गृहीत धरूनच तिचा हप्ता कमी ठेवलेला असतो. पत्नीच्या नावे गाडी असेल तर प्रश्नच नाही. कंपनी तिच्याच पॉलिसीत नाव घालण्यास सांगेल, नाहीतर त्या गाडीवर चालक म्हणून स्पष्टपणे वगळेल. म्हणून अर्जात ‘या पत्त्यावर आणखी कोण राहते, त्यांची कोणती वाहने आहेत’ असा प्रश्न येतो तेव्हा खरे ते लिहावे. हप्ता वाचविण्यासाठी सहनिवासी लपविले, तर अपघातानंतर कंपनी ते शोधून काढते आणि पॉलिसी मुळापासून रद्द ठरवू शकते. मग प्रमाणपत्रही जाते, भरपाईही जाते, आणि जखमी माणसाचा दावा थेट मुलाच्या पगारावर येतो. तसेच खाद्यपदार्थ पोहोचविण्याचे किंवा प्रवासी वाहून नेण्याचे काम वैयक्तिक पॉलिसीत सामान्यतः धरलेले नसते, हेही जोडधंदा करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

सर्वच कंपन्या अशी पॉलिसी देत नाहीत. काही बिगरमालक पॉलिसी देतात पण एसआर-२२ दाखल करीत नाहीत. दोन्ही होतील का, हे पहिल्याच संभाषणात विचारावे. कोणीच तयार नसेल तर अनेक राज्यांत धोक्याच्या चालकांसाठी कंपन्यांची सामाईक योजना असते. कॅलिफोर्निया आणि टेक्सस या दोन्ही ठिकाणी ती आहे. आणखी एक: पॉलिसी हाती आली म्हणजे वाहन चालविता येते असे नाही. निलंबनाचा काळ, न्यायालयाने सांगितलेला अभ्यासवर्ग, परवाना पुन्हा देण्याचे शुल्क हे सर्व पूर्ण होऊन खात्याच्या नोंदीत परवाना पुन्हा वैध दिसेपर्यंत चाकामागे बसणे हा नवा गुन्हाच होय.

एवढे करून माणसे बहुधा हप्त्यापाशी अडखळतात. प्रमाणपत्र कॅलिफोर्नियात सामान्यतः तीन वर्षे, टेक्ससमध्ये दोन वर्षे चालू ठेवावे लागते. मध्येच हप्ता चुकून पॉलिसी बंद पडली, तर कंपनी ‘एसआर-२६’ ही सूचना खात्याला धाडते आणि परवाना पुन्हा निलंबित होतो. कित्येक राज्यांत मुदत पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजली जाते. नोकरी बदलली, खाते बदलले, डेबिट कार्डाची मुदत संपली, इतक्या क्षुल्लक कारणाने हे घडते. बँकेच्या वाचकांना हे वेगळे सांगणे नलगे: तिथल्या खात्यावर हप्त्याची स्थायी सूचना द्यावी आणि त्या खात्यात दोन हप्त्यांची शिल्लक कायम राखावी. एकरकमी सहा महिन्यांचा हप्ता भरणे शक्य असेल तर उत्तमच.

राज्य बदलूनही सुटका नाही. कॅलिफोर्नियाचे बंधन टेक्ससला गेल्यावरही उरते, कारण परवाना स्थगित झालेल्या चालकांची राष्ट्रीय नोंद सर्व राज्ये पाहतात. अशा वेळी जुन्या राज्यासाठी प्रमाणपत्र दाखल करू शकणारी कंपनी निवडावी. व्हिसाचा प्रश्न याहून निराळा. मद्यप्राशन करून वाहन चालविल्याबद्दल गेल्या पाच वर्षांत अटक झाली असेल, तर केवळ तेवढ्यावरून व्हिसा रद्द करण्याची मुभा अमेरिकी परराष्ट्र खात्याने २०१५ च्या नोव्हेंबरपासून आपल्या अधिकाऱ्यांना दिली आहे. दोष सिद्ध होण्याची वाट पाहिलीच जाते असे नाही. एसआर-२२ त्या बाबतीत काहीही उपयोगाचा नाही. सुटीत भारतात येण्याचे तिकीट काढण्यापूर्वी मुलाने स्थलांतर कायद्याच्या वकिलाला भेटावे.

मुदतीच्या काळातच मुलाने स्वतःची गाडी घेतली, तर बिगरमालक पॉलिसी पुरत नाही. प्रमाणपत्रातच चालकाचे आणि मालकाचे असे वेगळे प्रकार असतात, आणि नव्या गाडीसाठी मालकाचे प्रमाणपत्र नव्याने दाखल व्हावे लागते. ते खात्याच्या नोंदीत आल्याचे लेखी कळल्यानंतरच जुनी पॉलिसी बंद करावी. मुदत पूर्ण झाल्यावरही तसेच: नेमकी तारीख विमा दलालाला न विचारता खात्याला विचारावी.