एकच थेंब, पण नीट!

मोतीबिंदूचं ऑपरेशन अर्ध्या तासात होतं. पण डोळ्यात औषध घालायचं काम पुढे महिनाभर चालतं आणि ते बहुतेक घरी सुनेच्या नाहीतर लेकीच्या वाट्याला येतं. आमच्या तळेगाव ढमढेरे गावातली आजी-आजोबा मंडळी शिरूरला किंवा पुण्याला ऑपरेशन करून येतात. मग मी नर्स म्हटल्यावर विचारणा होते, "सिस्टर, दोन थेंब जास्त टाकले तर लवकर बरं वाटेल का हो?"

मैत्रिणींनो, नाही! आपल्या डोळ्यात अख्खा एक थेंबही मावत नाही. दुसरा नुसता गालावर ओघळतो.

आम्ही नर्सेस बाटली उघडण्याआधी पाच गोष्टी बघतो : पेशंटचं नाव, औषधाचं नाव, कोणता डोळा, किती वाजता आणि एक्स्पायरीची तारीख. घरीही हेच करा. कानाच्या थेंबांची बाटली अगदी तश्शीच दिसते, म्हणून दोन्ही एका फडताळात ठेवूच नका. आणि 'उजवा डोळा' म्हणजे पेशंटचा उजवा. समोर उभं राहिलं की आपला गोंधळ होतो.

आधी साबणाने हात धुवा. पेशंटला मान मागे करून वर बघायला सांगा. खालची पापणी हलकेच ओढा, तिथे खिसा तयार होतो. थेंब त्या खिशात टाका, बुबुळावर नको. बाटलीचं टोक पापणीला, बोटाला कशालाच लागता कामा नये. मग डोळा अलगद मिटून नाकाकडचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटं हलका दाबायचा. कोपराच हं, डोळा नव्हे! दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. मलम सगळ्यात शेवटी.

कोपरा दाबायचा कशाला? तिथून एक बारीक नळी नाकात उतरते. औषध तिथून घशात येतं, म्हणून कडू लागतं, आणि रक्तातही जातं. आमच्याकडच्या एका आजींना दमा आहे. डोळा ठणकतोय म्हणून त्यांच्या जावेने आपले उरलेले काचबिंदूचे थेंब दिले. सुनबाई हुशार, टाकण्याआधी बाटली मला दाखवायला घेऊन आली. त्यात टिमोलॉल होतं. दम्याच्या माणसाला त्या थेंबांनीही जोराची धाप लागू शकते. सुनेच्या त्या एका प्रश्नाने केवढं संकट टळलं!

म्हणून एकाची बाटली दुसऱ्याला नाही. 2023 च्या जुलैत आळंदी परिसरात डोळे येण्याची साथ आली आणि बघता बघता राज्यभर पसरली. अशा वेळी घरात एकच बाटली फिरवली तर आपणच साथ वाटत फिरतो. टॉवेल, उशीचा अभ्राही वेगळा हवा. त्याच सुमारास अमेरिकेत जंतू शिरलेल्या डोळ्यांच्या थेंबांमुळे 80 हून अधिक लोकांना संसर्ग झाला, काहींची दृष्टी गेली, चौघांचा जीवही गेला. उघडलेल्या बाटलीवर तारीख लिहा आणि साधारण महिन्याने ती टाकून द्या. मेडिकलमधून मनानेच स्टेरॉइडचे थेंब आणू नका. ते जास्त दिवस वापरले तर काचबिंदू होऊ शकतो. मध, आईचं दूध, गुलाबपाणी यातलं काहीही डोळ्यात नको.

ऑपरेशननंतर डोळा जास्त दुखू लागला, लाल झाला, घाण येऊ लागली किंवा अंधुक दिसू लागलं, तर 'उद्या बघू' म्हणू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

एक सोपी युक्ती सांगते. कॅलेंडरवर प्रत्येक वेळेला एक खूण करा, म्हणजे 'सकाळचा थेंब टाकला का गं?' यावरून सासू-सुनेत वाद नको, आणि थेंब दोनदाही पडायला नको!