'अवैध नोंद' म्हणजे नेमके काय? – औषधालयातील संगणक आणि त्रिसूत्र



22 सप्टेंबर 2025 रोजी, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, पेटंट आयुर्वेदीय औषधांवरील वस्तू व सेवा कर 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. या कपातीचे स्वागत आपण सर्वांनीच केले. परंतु त्याच सकाळी साताऱ्यातील आमच्या चिकित्सालयास जोडून असलेल्या औषधालयात एक प्रसंग घडला. त्यातून पुढे जे उद्भवले ते औषधविक्रेत्या बंधूंच्या कानी घालणे अगत्याचे वाटल्याने हा लेखनप्रपंच.

बिले करण्याच्या संगणकप्रणालीत कराचा नवा दर आणि तो लागू होण्याची तारीख, अशा दोनच नोंदी बदलावयाच्या होत्या. आमच्या मदतनिसाने एका रकान्यात 5 व दुसऱ्यात 22/09/2025 असे लिहिले. पडद्यावर लाल चौकट उमटली : 'इनव्हॅलिड कॉन्फिगरेशन व्हॅल्यू'. याहून अधिक एक अक्षर नाही. दोहोंपैकी कोणती नोंद अवैध, ती का अवैध, वैध व्हावी तर काय लिहावे, याचा मागमूस नाही. मदतनिसाने दर 5.00 असा लिहून पाहिला, मग पुढे टक्क्याचे चिन्ह लावले, शेवटी संगणकच बंद करून पुन्हा सुरू केला. बाहेर रुग्ण ताटकळत होते. त्या दिवशीची बिले आम्ही हाताने लिहिली.

दुपारी सांगलीच्या स्नेह्यांना दूरध्वनी केला. त्यांचा व्यवसाय घाऊक. दोन्ही जिल्ह्यांतील कित्येक वैद्य त्यांच्याकडून औषधे मागवितात आणि त्यांची प्रणालीही आमचीच. "डॉक्टरसाहेब, आम्हालाही तेच आलं," ते म्हणाले. "मग मी बारा तारीख टाकून बघितली, तर घेतली की हो! दहा दिवस आधीची पडली म्हणून काय बिघडतंय?"

सावधपणाने म्हणा वा आळसाने म्हणा, आम्ही ती युक्ती केली नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, 1 ऑक्टोबर रोजी, सांगलीहून औषधांची पेटी आली. सोबतचे बिल सहज चाळले, तर कर 12 टक्केच! तंत्रज्ञास बोलावून तपासले तेव्हा उलगडा झाला. त्या प्रणालीत तारखेचा क्रम महिना, दिवस, वर्ष असा ठेवलेला होता. 22 वा महिना नसतो, म्हणून 22/09 ही नोंद तिने नाकारली. 12/09 मात्र तिने 9 डिसेंबर अशी वाचली आणि मुकाट्याने स्वीकारली. नवा दर डिसेंबरापर्यंत निद्रिस्त राहिला आणि नवरात्राच्या गर्दीत बिलावरील त्या बारीक रकान्याकडे कोणाचेही लक्ष गेले नाही.

दहा दिवसांची बिले शोधून प्रत्येक वैद्याच्या नावे क्रेडिट नोट काढण्यात स्नेह्यांचा दसरा गेला. येथे आपणा चिकित्सकांचाही संबंध येतो. आपली वैद्यकीय सेवा करमुक्त असल्याने तिच्यासाठी घेतलेल्या औषधांवरील कराची वजावट आपणांस मिळत नाही. 100 रुपयांच्या औषधास 105 ऐवजी 112 मोजले, तर ते सात रुपये वैद्याच्या किंवा अखेरीस रुग्णाच्याच खिशातून जातात.

या प्रसंगाचा आम्ही पुष्कळ विचार केला. संगणकाने 22/09 नाकारली यात त्याचे काहीच चुकले नव्हते. चुकला तो नकाराचा शब्द. कारण न सांगता नाकारले की मनुष्य खरे काय ते शोधीत बसत नाही. जे स्वीकारले जाईल ते लिहितो. आमचे स्नेही अत्यंत चोख व्यवहाराचे. त्यांनाही त्या लाल चौकटीने पाच मिनिटांत खोटी तारीख लिहावयास लावली. महिन्यातील 13 ते 31 या तारखांना निदान चौकट तरी येते. 1 ते 12 या तारखा उलट वाचल्या जाऊन बिनबोभाट आत जातात, हे त्याहून भयंकर. ज्वर दिसतो म्हणून रुग्ण आपल्याकडे येतो. लक्षणावाचून वाढणाऱ्या व्याधीचे काय?

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या आरंभीच आयुर्वेदास हेतू, लिंग व औषध असे त्रिसूत्र म्हटले आहे. आमच्या मते सेटिंग चुकल्याचा संदेशही त्रिसूत्रच असावयास हवा. काय अडले ते लिंग, का अडले तो हेतू, आता काय करावे ते औषध. त्या सकाळी पडद्यावर असे आले असते तर : 'लागू तारीख 22/09/2025 स्वीकारली नाही. येथे तारखेचा क्रम महिना-दिवस-वर्ष आहे व 22 वा महिना नाही. 22 सप्टेंबरसाठी 09/22/2025 लिहा, अथवा तारखेचा क्रम दिवस-महिना-वर्ष असा बदला.' आमच्या मदतनिसाने अर्ध्या मिनिटात काम उरकले असते. स्नेह्यांसाठी मात्र एवढ्याने भागत नव्हते. तेथे नोंद स्वीकारण्यापूर्वी संगणकाने 'नवा दर 9 डिसेंबर 2025 पासून लागू होईल, बरोबर?' असे महिन्याचे नाव अक्षरांत लिहून विचारावयास हवे होते.

कोणी म्हणेल, हा सारा पै-पैशाचा हिशेब. वैद्यकाच्या अलीकडच्या इतिहासात अशाच मुक्या संदेशाने प्राणही घेतले आहेत. कॅनडात तयार झालेले थेरॅक-25 हे अर्बुदावर किरणोपचार करणारे यंत्र. 1986 च्या मार्च व एप्रिलमध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात टायलर येथे उपचाराचा प्रकार लिहिताना चुकलेली नोंद लगेच दुरुस्त केली गेली. पडद्यावर ती दुरुस्त दिसली, यंत्राच्या आत मात्र जुनी व नवी मांडणी एकमेकींत मिसळली. पडद्यावर आले ते 'मालफंक्शन 54' एवढेच. चालकाच्या पुस्तिकेत त्या आकड्याचा अर्थ दिलेला नव्हता. असे थांबे नित्याचेच असल्याने 'पुढे चला' ही कळ दाबण्याची सवय जडलेली. मात्रेच्या कित्येक पट किरण गेले आणि दोन्ही रुग्ण त्याच कारणाने दगावले. 1985 ते 1987 या काळात या यंत्राचे असे सहा अपघात नोंदले गेले. मूळ दोष प्रणालीतच होता, हे खरे. पण धोक्याच्या त्या क्षणी यंत्र जे बोलले ते माणसास कळण्याजोगे नव्हते.

आपल्या औषधालयाकडे परत येऊ. आपल्या शास्त्राशी थेट भिडणारी अडचण एक्स्पायरीच्या रकान्याची आहे. बहुतेक प्रणाली ॲलोपॅथिक दुकाने डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या. 'एक्स्पायरी अनिवार्य' हे सेटिंग त्यांत मुळापासून चालू असते. शार्ङ्गधराचार्य चूर्णास दोन महिने, गुटी-लेहास एक वर्ष सांगतात, तर आसव, धातू व रसौषधी जुनी होतील तसतशी गुणवान मानतात. आजच्या औषध नियमांतही (नियम 161-ब) मुदत कल्पागणिक निरनिराळी आहे. ज्या जुन्या डबीवर मुदत छापलेलीच नाही, तिची नोंद करू जाता 'अवैध नोंद' येते. मग काउंटरवरचा मुलगा 31/12/2099 लिहून मोकळा होतो. एकदा 2099 लिहिण्याची सवय लागली की उद्या चूर्णाच्या बाटलीवरील पुसट तारीख वाचण्याचे कष्ट तो कशाला घेईल? 'या कल्पप्रकारास मुदत आवश्यक आहे. वेष्टनावर नसल्यास उत्पादनाची तारीख लिहा किंवा कल्पप्रकार तपासा' एवढे शब्द तेथे असते, तर त्याला खोटे लिहावे लागले नसते.

जीएसटी क्रमांकाचेही तसेच. पंधरा अक्षरांच्या या क्रमांकातील पहिले दोन अंक राज्याचे, पुढील दहा अक्षरे पॅनची, शेवटचे अक्षर पडताळणीचे. मिरज-जतकडील दुकानदारांचा कर्नाटकाशी नित्य व्यवहार. तेथे 27 च्या जागी 29 पडले की करप्रकारच बदलतो. शून्याऐवजी इंग्रजी ओ लिहिला जाणे हा तर रोजचा घोटाळा. पॅनमध्ये अक्षरे कोठे व अंक कोठे हे ठरलेले असल्याने 'नववे अक्षर अंक असावयास हवे, आपण ओ लिहिला आहे' असे संगणक सहज सांगू शकतो. तरी तो केवळ 'अवैध' म्हणतो. हा आळस यंत्राचा नव्हे, ते घडविणाऱ्याचा.

तंत्रज्ञाशी याविषयी आम्ही बोललो. त्यांचे म्हणणे, "लांब मजकूर कोणी वाचत नाही, सर." यात तथ्य नाही असे नाही. परंतु न वाचण्याची सवय कोणी लावली? वर्षानुवर्षे ज्या चौकटीत काही सांगितलेलेच नसते, ती वाचण्याआधी बंद करण्यास बोट शिकते. त्यातून मजकूर इंग्रजीत. आमच्या काउंटरवरील मुलगा बारावी उत्तीर्ण, हुशार. 'इनव्हॅलिड' त्यास कळते, 'कॉन्फिगरेशन' कळत नाही. मराठीतून दोन ओळी लिहिण्यास प्रणालीकारांस फार खर्च येत असेल असे आम्हांस वाटत नाही.

दसऱ्यानंतर आम्ही काउंटरवर एक वही ठेवली. लाल चौकट आली की बंद करण्यापूर्वी तिच्यातील शब्द जसेच्या तसे उतरवून घ्यावयाचे, शेजारी आपण काय लिहिले होते तेही. रुग्णाची वेदना आपण त्याच्याच शब्दांत टिपतो, तशी ही टिपणे. सांगलीच्या स्नेह्यांनीही तशी वही ठेवली. दिवाळीनंतर दोन्ही वह्यांतील नोंदी एकत्र करून प्रणालीकारांकडे पाठविल्या. एकूण सतरा संदेश निघाले, त्यांपैकी नऊ अक्षरशः एकसारखे आणि नऊ निरनिराळ्या चुकांसाठी! तारखेचा संदेश त्यांनी बदलून दिला व महिना आता अक्षरांत दिसतो. एक्स्पायरीच्या रकान्याविषयी विचार चालू आहे, असे उत्तर आले आहे. तोवर आमच्याकडे मुदत नसलेल्या डब्यांची यादी त्याच वहीच्या शेवटच्या पानांवर हाताने ठेवली जाते.