गाजर आणि चष्म्याचा नंबर

गेल्या हिवाळ्यात आमच्या घरी रोज सकाळी साडेसहाला मिक्सर लागायचा. सासूबाईंचा गाजराचा रस. वय ७६, मधुमेह पंधरा वर्षांचा, आणि हल्ली चष्मा नीट बसत नाही ही तक्रार. भजनी मंडळात कुणीतरी सांगितलं की रोज पेलाभर गाजराचा रस घेतला की नंबर उतरतो. झालं! दर तीन-चार दिवसांनी मीच खंडेराव मार्केटमधून दोन-दोन किलो लाल गाजरं आणायला लागले. भाजीवाला विचारायचा, "बेन, रोज हलवो?"

मी इथल्याच सयाजीराव विद्यापीठाच्या होमसायन्सची. आहारशास्त्र शिकलेली. गाजराने चष्मा सुटत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. पण गाजरच आहे, औषध थोडंच आहे, त्यांचं समाधान होतंय तर होऊ दे, असं म्हणून मी गप्प बसले.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी त्यांना तीळ निवडायला दिले. ताट घेऊन त्या खिडकीशी गेल्या, मग गॅलरीत गेल्या. थोड्या वेळाने ताट परत करत म्हणाल्या, "हल्ली तीळ स्वच्छच येतात गं, निवडायला काही नसतंच." मी पाहिलं तर खडे जसेच्या तसे. उत्तरायणाला त्या गच्चीवर आल्या आणि पाच मिनिटांत खाली गेल्या. उन्हाने डोळे दिपतात, पतंग दिसतच नाहीत म्हणाल्या. त्यात आणखी एक गोष्ट लक्षात आली, त्यांचे तळहात पिवळे दिसत होते. कावीळ झाली की काय म्हणून माझ्या पोटात गोळाच आला.

कावीळ नव्हती. काविळीत डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा होतो. त्यांचा पांढराच होता. गाजर अति झालं की त्यातलं केशरी द्रव्य, बीटा कॅरोटिन, कातडीत साठतं आणि तळहात-तळपाय पिवळे दिसतात. प्रमाण कमी केलं की काही आठवड्यांत रंग जातो. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मात्र वेगळंच निघालं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा चांगलाच पिकलेला. "मधुमेह आहे, मग पडदा शेवटचा कधी तपासलात?" या प्रश्नावर आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. मधुमेह्याने वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासायचा असतो. आमची दोन वर्षं चुकली होती, आणि पडद्यावर मधुमेहाच्या खुणा दिसायला लागल्या होत्या. सुरुवातच होती, हे नशीब.

मग गाजर डोळ्यांना चांगलं हे खोटं का? नाही. पण ते एका ठरावीक आजारापुरतं खरं आहे. शरीर बीटा कॅरोटिनपासून लागेल तेवढं अ जीवनसत्त्व बनवतं. मंद उजेडात दिसण्यासाठी डोळ्याच्या पडद्यातलं जे रंगद्रव्य काम करतं, त्याला हे जीवनसत्त्व लागतं. ते कमी पडलं की आधी रातांधळेपणा येतो, मग बुबुळ कोरडं पडतं आणि लहान मूल कायमचं आंधळंही होऊ शकतं. आपल्याकडे हे इतकं होतं की १९७० साली केंद्र सरकारने लहान मुलांना अ जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा कार्यक्रम सुरू केला. अशा मुलाला गाजर, पालक, शेवग्याचा पाला, आंबा मिळणं ही फार मोठी गोष्ट. पण चष्म्याचा नंबर डोळ्याच्या आकारामुळे आणि भिंगामुळे येतो, मोतीबिंदूत भिंगच गढूळ होतं, काचबिंदूत नस खराब होते. तिथे गाजराचं काही चालत नाही.

हा समज पसरायला दुसरं महायुद्धही कारणीभूत आहे. रात्रीच्या अंधारात जर्मन विमानं पाडणारा ब्रिटिश वैमानिक जॉन कनिंगहॅम भरपूर गाजरं खातो, अशा बातम्या तेव्हा छापून आल्या. खरी कमाल विमानात बसवलेल्या रडारची होती, आणि ते गुपित होतं.

आता रसाबद्दल. १०० ग्रॅम कच्च्या गाजरात ८८ ग्रॅमच्या आसपास पाणी, साधारण ४१ कॅलरी आणि पावणेतीन ग्रॅम चोथा असतो. शिवाय पोटॅशियम. आपल्या लाल गाजराचा लाल रंग लायकोपिनचा, टोमॅटोत असतो तोच. मधुमेह्याने गाजर खाऊच नये असं आमच्या कॉलेजच्या दिवसांत सर्रास सांगत, कारण सुरुवातीच्या एका मोजणीत साखर चढवण्याचा त्याचा आकडा फार वर आला होता. पुढच्या मोजण्यांत तो बराच खाली आला. तेव्हा एखाद-दोन गाजरं चावून खायला हरकत नाही. पण पाच-सहा गाजरांचा गाळलेला रस म्हणजे चोथा केरात आणि साखर पोटात, तीही रोज उपाशीपोटी! हलव्याबद्दल तर बोलायलाच नको. तिथे गाजर निमित्ताला, बाकी साखर आणि मावा. वर्षातून दोनदा करावा, मनापासून खावा, आणि त्याला पौष्टिक म्हणू नये.

नुसत्या रसात आणखी एक उणीव असते, ती स्निग्धांशाची. बीटा कॅरोटिन तेला-तुपाच्या सोबतीने अंगी लागतं, आणि थोडं शिजल्यावर जास्त. आमचे गुजराती शेजारी हे न शिकता करत आलेत. गाजर-मरच्यांचा संभारो बडोद्याच्या मराठी घरांतही कधीच रुळलाय. दोन चमचे तेलात मोहरी, हिंग, हळद. त्यात गाजराचे लांब काप आणि उभ्या चिरलेल्या मिरच्या. मीठ घालून तीन-चार मिनिटं मोठ्या आचेवर परतायचं. गाजर कचकचीत राहिलं पाहिजे. वरून लिंबू. कोशिंबिरीवर फोडणी घालतो त्यानेही हेच काम होतं, म्हणून "तेल नको" म्हणत ती फोडणी गाळू नका.

गोळ्यांचा मात्र मोह नको. फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या अभ्यासात, ज्यांना बीटा कॅरोटिनच्या गोळ्या दिल्या त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग कमी नव्हे, जास्त आढळला. ते निष्कर्ष १९९४ चे आहेत.

सासूबाईंची दोन्ही ऑपरेशनं महिनाभराच्या अंतराने झाली. पडद्याची तपासणी आता दर सहा महिन्यांनी, तारीख कॅलेंडरवर लाल पेनने लिहिलेली. मिक्सर सकाळी बंद असतो. दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाली त्या आठवड्यात मी संभारो केला, तर ताट जवळ ओढून त्या म्हणाल्या, "एवढे जाडे काप? आणि सालं पण नीट काढली नाहीस. नेहमी अशीच करतेस का गं?"

नेहमी अशीच करते, आई.