जुन्या मोटारीस नवीं चाकें

रथाचें चाक आपल्या पूर्वजांनीं किती बारकाईनें पाहिलें होतें, हें त्याच्या अवयवांच्या नांवांवरूनच कळतें. मध्यें नाभि, तिच्यांतून जाणारा अक्ष, नाभीपासून निघालेले अर, आणि सर्वांस वेढणारी नेमि. प्रत्येक भागास स्वतंत्र नांव आहे, कारण प्रत्येकाचें काम स्वतंत्र आहे. आज मोटारीचीं चाकें बदलूं पाहणारा तरुण मात्र बहुधा एकच गोष्ट पाहतो : तीं दिसतात कशीं? आम्हांस येथें इतकेंच सांगावयाचें आहे कीं, चाक हा अलंकार नव्हे. तें एक माप आहे. गाडीचे ब्रेक, गिअर, वेगदर्शक व बेअरिंगें हीं सर्व त्या मापावर बेतलेलीं असतात.

विषय अगदीं घरगुती आहे. १९८३ सालीं मारुती ८०० रस्त्यावर आली आणि २०१४ च्या आरंभीं तिचें उत्पादन थांबलें. पुष्कळ मध्यमवर्गीय कुटुंबांची ती पहिली मोटार. आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, म्हणजे जुन्या वाचकांच्या नगर जिल्ह्यांत, ती अजून कित्येकांच्या दारीं उभी आहे. आजोबांनीं घेतली, आतां नातू चालवितो. नातवास ती मोडींत काढावयाची नाहीं, ही समाधानाची गोष्ट. पण तिच्या बारा इंची चाकांचा त्यास संकोच वाटतो, आणि चौदा इंची चकाकत्या चाकांची मागणी सुरू होते. आमच्या घरींही ती झाली. आम्हीं हो किंवा नाहीं न म्हणतां पाटी पुढें ठेविली आणि म्हटलें, “बाळ, आधीं गणित कर.”

गणित असें. टायरच्या अंगावर १४५/७० आर १२ असें छापलेलें असतें. १४५ ही रुंदी मिलिमीटरांत. ७० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेंकडा ७०, अर्थात् १०१.५ मिमी, आर म्हणजे रेडियल, आणि १२ हा रिमचा व्यास इंचांत. बारा इंचांचे ३०४.८ मिमी, त्यांत वरची व खालची भिंत मिळून २०३. एकूण व्यास सुमारें ५०८ मिमी. त्याच्या जागीं १४५/७० आर १३ घातला तर व्यास ५३३ होतो, म्हणजे शेंकडा पांच अधिक. मग वेगदर्शक पूर्वीं अचूक असला तरी आतां तो ६० दाखवितो तेव्हां गाडी ६३ च्या वेगानें धांवत असते. ७९६ घन सेंटिमीटरांच्या लहानशा इंजिनास चंदनापुरीच्या घाटांत तितकाच ओढा अधिक पडतो, आणि ब्रेकवर पायही तितकाच जोरानें दाबावा लागतो. हा फरक शेंकडा तिहींच्या आंत ठेवावा, असा व्यवहारांतील दंडक आहे.

“मग एकूण व्यास तोच ठेवूं आणि रिम तेवढा मोठा घेऊं, आजोबा,” असें नातू म्हणाला. तर्क बरोबर होता. परंतु ५०८ मधून चौदा इंचांचे ३५५.६ वजा केले कीं प्रत्येक बाजूस रबराची भिंत ७६ मिमीच उरते, पूर्वीच्या तीनचतुर्थांश. ही भिंत म्हणजे गाडीची पहिली स्प्रिंग होय. गळिताच्या हंगामांत उंसाच्या वाहनांनीं रस्त्यांचे कांठ खचतात. तशा खड्ड्यांत पातळ भिंतीचा टायर लवकर फुटतो, रिम वांकतो, आणि मागें बसलेल्या आजीच्या पाठीस तो हिशेब कळतो.

दुसरी गोष्ट ऑफसेट. ज्या सपाट पृष्ठानें चाक नाभीवर बसतें तें पृष्ठ आणि रिमच्या रुंदीचा मध्य, यांतील अंतर म्हणजे ऑफसेट. चाकावर तो ईटी या अक्षरांपुढें मिलिमीटरांत कोरलेला असतो. तो कमी केला कीं चाक बाहेर सरकतें, वाढविला कीं आंत. समजा, चार इंच रुंद रिम काढून पांच इंचांचा घातला. ऑफसेट तोच असला तरी प्रत्येक कड १२.७ मिमी सरकते. त्यांत ऑफसेट १० मिमीनें कमी असेल तर बाहेरची कड २२.७ मिमी बाहेर येते. असें चाक रुबाबदार दिसतें खरें. पण बेअरिंगवर भार वाढतो, स्टिअरिंग हातास हिसके देतें, आणि गाडी भरली कीं टायर मडगार्डास घांसतो. उलट चाक फार आंत गेलें तर तें आंतल्या भागांस लागतें.

म्हणून रिकाम्या गाडीवर चाक पारखूं नये. घरची मंडळी बसवावी, स्टिअरिंग दोन्ही बाजूंस पूर्ण फिरवावें, मग पाहावें. आम्हीं तेंच केलें. दुकानदारानें पाहण्यापुरतीं बसविलेलीं चौदा इंची चाकें रिकाम्या गाडीस मोकळीं होतीं; पांच माणसें बसतांच मागचा टायर घांसूं लागला. नातवानें स्वतः वांकून पाहिलें, आणि वाद तेथेंच मिटला.

आणखी थोडें. ८०० चे चार बोल्ट ११४.३ मिमी व्यासाच्या वर्तुळावर आहेत. १०० मिमीच्या वर्तुळाचें चाक तीवर बसत नाहीं, आणि भोंकें कोरून बसविणें म्हणजे जिवाशीं खेळ. लोखंडी चाकाचे नट मिश्रधातूच्या चाकास चालतीलच असें नाहीं. नवीं चाकें शंभर किलोमीटर चाललीं कीं नट पुन्हां तपासावे. टायरवर मापापुढें भारांक असतो. ६९ म्हणजे एका टायरास ३२५ किलो. मूळ भारांकाहून कमी टायर कधींही घेऊं नये. चार अंकी खूण जन्मतिथि सांगते : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुनें रबर कठीण होतें. डिकींतला पांचवा टायरही त्यास अपवाद नाहीं.

आमच्या शहरांत संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था आहे. नव्या वाहनांच्या नमुन्यांची चांचणी करणाऱ्या संस्थांत मोटार वाहन नियमांनीं तिचेंही नांव घातलें आहे. अशा संस्थांत गाडीचे ब्रेक जोखले जातात ते उत्पादकानें ठरविलेल्या चाकांवर. दुकानांत अर्ध्या तासांत बदललेल्या मापास ती कसोटी लागलेली नसते. कायद्याकडेही लक्ष असावें. नोंदणींतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून निराळा होईल असा फेरफार १९८८ च्या कायद्याच्या कलम ५२ नें करतां येत नाहीं, आणि सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें तें स्पष्ट केलें आहे. म्हणून माप बदलण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत व विमा कंपनीकडे विचारावें.

ज्यांस हौस पुरवावयाचीच आहे, त्यांनीं तेरा इंची रिम व १५५/६० मापाचा टायर यांचा विचार करावा. व्यास ५१६ भरतो, फरक शेंकडा दोनांच्या आंत. आमच्या नातवानें बारा इंची रिमच खरवडून रुपेरी रंगविले आणि त्यांवर मूळ मापाचे पांच नवे टायर चढविले. वाचकांनीं क्रम मात्र विसरूं नये : आधीं व्यास, मग बोल्ट व ऑफसेट, मग भार व वय, आणि रूप सर्वांच्या शेवटीं. गाडी एकट्याची नसते. तिच्यांत घर बसलेलें असतें.