सरहद्दीवरचे ३२९ दिवे

२ एप्रिल २०२२. गुढीपाडव्याचा दिवस. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास अमरावती, अकोला, बुलढाणा, नागपूर, चंद्रपूर आणि तिकडे खानदेशातही लोकांनी आकाशात एक जळती रेघ सरकताना पाहिली. आधी एकच ठिणगी, मग तिचे अनेक तुकडे, प्रत्येक तुकड्याला शेपूट, आणि सारे एकाच दिशेने, एकाच चालीने, अगदी शिस्तीत चाललेले. कुणी म्हणाले उल्का, कुणी म्हणाले विमान पेटले, कुणाला क्षेपणास्त्र वाटले. ‘उडती तबकडी’ म्हणणारेही होतेच. सोमवारी वर्गात मोर्शीकडचा एक विद्यार्थी मला सांगत होता, “सर, थे आमच्या वावराच्या पल्याडच पडलं.” मूर्तिजापूरच्या विद्यार्थ्याचेही नेमके तेच म्हणणे होते, फक्त वावर त्याचे होते!

प्रत्यक्षात त्या वस्तूचे अवशेष सापडले ते चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावी; म्हणजे अमरावतीपासून दोनशे किलोमीटरांहून दूर. सुमारे तीन मीटर व्यासाचे, चाळीसेक किलो वजनाचे धातूचे कडे वस्तीजवळ येऊन आदळले होते. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. पुढच्या काही दिवसांत आसपासच्या गावांत धातूचे पोकळ गोळेही मिळाले. इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन अवशेष तपासून गेले. सुरुवातीला काही जाणकारांना वाटले होते, की त्याच दिवशी न्यूझीलंडहून सुटलेल्या एका अग्निबाणाचा हा भाग असावा. तर्क चुकीचा ठरला. फेब्रुवारी २०२१ मध्ये चीनने सोडलेल्या ‘चांग झेंग ३ बी’ या अग्निबाणाचा तिसरा टप्पा चौदा महिने पृथ्वीभोवती फिरत फिरत खाली आला होता, असे कक्षांचा माग ठेवणाऱ्या तज्ज्ञांनी दाखवून दिले.

दोन्ही विद्यार्थी खोटे बोलत नव्हते. आपल्या डोळ्याला आकाशातील वस्तूची दिशा कळते, अंतर कळत नाही. झाडाइतक्या अंतरावरचा काजवा आणि शंभर किलोमीटरांवरची अग्निरेषा दोघेही डोळ्याला एकाच पडद्यावर चिकटवल्यासारखे दिसतात. मग मेंदू आपल्या ओळखीचे अंतर त्याला देऊन टाकतो, आणि ओळखीचे अंतर म्हणजे आपले वावर! हिशेब करून पाहा. जमिनीपासून ८० किलोमीटर उंचीवरची वस्तू किती दूरवरून दिसेल? पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरा, तिला उंचीने व दोनाने गुणा आणि वर्गमूळ काढा. उत्तर येते सुमारे १,०१० किलोमीटर. म्हणजे चार राज्यांतील लोकांना तीच रेघ दिसू शकते आणि प्रत्येकाला ती शेजारच्या गावात पडल्यासारखी वाटू शकते.

येथे तपास तसा सोपा होता, कारण कडे हाती लागले होते. पण हाती काहीच लागले नाही, फक्त दिवे दिसले, आणि ते पाहणारे लोक बंदूक घेऊन सरहद्दीवर उभे असले तर? आपल्याच देशात असे घडले आहे.

लडाखमध्ये पँगाँग नावाचे खाऱ्या पाण्याचे लांबट सरोवर आहे. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ४,३०० मीटर. भारत व चीन यांच्यामधील प्रत्यक्ष ताबारेषा या सरोवराला छेदून जाते. ऑगस्ट २०१२ पासून तेथील ठाकुंग भागातल्या आपल्या जवानांना रात्री क्षितिजावरून वर चढणारे पिवळसर प्रकाशगोल दिसू लागले. ते चीनच्या बाजूने उगवत आणि सावकाश आकाश ओलांडत. वैमानिकाविना उडणारी हेरगिरीची विमाने, ज्यांना आपण आता सर्रास ड्रोन म्हणतो, ती असावीत असा संशय आला. जवानांनी शिस्तीने नोंदी ठेवल्या. फेब्रुवारी २०१३ पर्यंत अशा नोंदींची संख्या ३२९ झाली आणि त्यांपैकी १५५ वेळा वस्तूने ताबारेषा ओलांडली, असे लिहिले गेले.

या आकड्यांना हसू नका. १९६२ साली याच मुलुखात युद्ध झाले होते. एप्रिल २०१३ मध्ये, म्हणजे या नोंदींनंतर दोनच महिन्यांनी, लडाखच्याच उत्तर भागात देपसांगच्या पठारावर दोन्ही देशांचे सैनिक तीन आठवडे समोरासमोर तंबू ठोकून बसले होते. अशा वातावरणात “शत्रूची याने १५५ वेळा घुसली” हे वाक्य कागदावर असणे ही काही गंमत नव्हे. कुणीतरी गोळी झाडली असती तर तिचा आवाज दिल्ली आणि बीजिंगमध्येही ऐकू गेला असता.

लष्कराने तपास कसा केला? त्या वेळी वृत्तपत्रांत आलेल्या माहितीनुसार सरोवराजवळ फिरते रडार आणि रेडिओलहरींचे पृथक्करण करणारे यंत्र नेण्यात आले. डोळ्यांना गोल स्पष्ट दिसे, रडारला मात्र काहीच सापडेना. त्यावरून ही वस्तू धातूची नसावी, असा निष्कर्ष काहींनी काढला. टेहळणीचे एक छोटे विमानही पाठवले गेले, पण ते त्या दिव्यापर्यंत पोहोचू शकले नाही. हानले येथील वेधशाळेचे काही खगोलशास्त्रज्ञ सप्टेंबरात येऊन गेले व त्यांनी हे ग्रह नव्हेत असे सांगितले, असेही लष्करी अधिकाऱ्यांच्या हवाल्याने छापून आले. पुढचा निकाल पाहता हे विधान घाईचे होते, किंवा ते सांगण्या-ऐकण्यात कुठेतरी बदलले, असे मला वाटते.

अखेर लष्कराने बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेला रीतसर विचारणा केली. हानलेची वेधशाळा याच संस्थेची. ४,५०० मीटर उंचीवर तेथे दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीण आहे. संस्थेतील तुषार प्रभू आणि त्यांचे सहकारी यांच्यापुढे प्रश्न एवढाच होता: ही वस्तू आकाशातली की पृथ्वीवरची? त्यांनी त्या दिव्यांची चाल भोवतालच्या ताऱ्यांच्या संदर्भात तपासली. जुलै २०१३ मध्ये उत्तर प्रसिद्ध झाले. संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्वेला दिसून रात्रभर पश्चिमेकडे जाणारी वस्तू म्हणजे गुरू. पहाटे चारच्या सुमारास उगवून दिवस वर आल्यावरही दिसत राहणारी वस्तू म्हणजे शुक्र.

आता हे उत्तर आपण स्वतः पडताळून पाहू. त्यासाठी पंचांग पुरे. ३ डिसेंबर २०१२ रोजी गुरूची प्रतियुती होती, म्हणजे सूर्य, पृथ्वी आणि गुरू या क्रमाने एका रेषेत होते. प्रतियुतीच्या वेळी ग्रह सूर्यास्ताला उगवतो, रात्रभर दिसतो आणि सर्वांत तेजस्वी असतो. शुक्राचे पाहा. ६ जून २०१२ रोजी त्याचे सूर्यबिंबावरून अधिक्रमण झाले, ते आपल्याकडे पहाटे अनेकांनी पाहिले. त्यानंतर तो पहाटेच्या आकाशात आला. १५ ऑगस्टला त्याचे परम इनापगम झाले, म्हणजे सूर्यापासून तो जास्तीत जास्त ४६ अंश दूर गेला, आणि मार्च २०१३ च्या अखेरीस तो सूर्यामागे दडला. नोव्हेंबरात त्या भागात गुरू संध्याकाळी सहाच्या सुमारास आणि शुक्र पहाटे चारच्या सुमारास उगवत असे. जवानांच्या नोंदी ऑगस्ट ते फेब्रुवारी अशाच का पसरल्या होत्या, ते आता ध्यानात येईल.

आणि रडार? त्या काळात गुरू पृथ्वीपासून सुमारे ६१ कोटी किलोमीटरांवर होता. रडारची लहर प्रकाशाच्या वेगाने, सेकंदाला ३ लाख किलोमीटर, जाते. तिला गुरूपर्यंत पोहोचायला चौतीस मिनिटे आणि परतायला तेवढीच. परावर्तित लहरीची तीव्रता अंतराच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात घटते, हे वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना माहीत असेल. सरहद्दीवरच्या रडारला गुरू दिसेल तरी कसा! रडार कोरे राहिले, हाच खरे तर एक पुरावा होता. तो ‘वस्तू दूर आहे’ असा वाचायचा की ‘वस्तू धातूची नाही’ असा, एवढाच काय तो फरक.

मग जवानांना आधी शुक्र ठाऊक नव्हता काय? होता की. आपल्याकडे रात्री हरभऱ्याच्या राखणीला जागलीवर जाणारा शेतकरीसुद्धा शुक्राची चांदणी पाहून पहाट ओळखतो. पण लडाखचे आकाश वेगळे आहे. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ साठ टक्केच असतो. धूळ नाही, बाष्प नाही, गावांचे दिवे नाहीत. त्यामुळे ग्रह नेहमीपेक्षा ठसठशीत दिसतात. क्षितिजाजवळ प्रकाशकिरण थंड-उष्ण हवेच्या थरांतून जाताना वाकतात, म्हणून दिवा थरथरतो, रंग बदलतो. शिवाय काळ्या पार्श्वभूमीवरील एकट्या ठिपक्याकडे एकटक पाहिले, तर तो स्थिर असूनही हलल्यासारखा भासतो. अंधाऱ्या खोलीत उदबत्तीचे टोक पाहून हा प्रयोग घरी करता येईल. त्यातच त्या वर्षांत सरहद्दीवर टेहळणीची याने खरोखरच वाढली होती, तेव्हा मन तेच शोधत होते.

सगळ्या अज्ञात दिव्यांचे उत्तर ‘शुक्र’ असे ठोकून द्यावे, असा याचा अर्थ कुणी घेऊ नये. ७ जानेवारी १९४८ रोजी अमेरिकेत केंटकी राज्यावर एक चकाकती वस्तू दिसली. कॅप्टन थॉमस मँटेल हा वैमानिक तिच्या मागे प्राणवायूच्या साधनाशिवाय वर वर चढत गेला, बेशुद्ध पडला आणि विमान कोसळून मरण पावला. हवाई दलाने प्रथम सांगितले, तो शुक्राच्या मागे लागला होता. शुक्र त्या दिशेला होता खरा, पण भर दुपारी तो इतका ठळक दिसणे कठीण. पुढे उलगडा झाला, की बहुधा तो ‘स्कायहुक’ नावाचा, सुमारे ३० मीटर व्यासाचा प्लॅस्टिकचा फुगा असावा. तो नौदलाच्या गुप्त योजनेतील असल्याने हवाई दलालाच त्याची खबर नव्हती! अमेरिकन हवाई दलाने १९४७ ते १९६९ या काळातील १२,६१८ वृत्तांचा छडा लावण्याचा प्रयत्न केला. त्यांतील ७०१ अखेरपर्यंत अनिर्णित राहिली. अनिर्णित म्हणजे परग्रहवासी नव्हेत, माहिती अपुरी पडली एवढेच.

फुग्यांचा विषय निघालाच आहे, तर सांगतो. हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे फुगे सोडण्याचे केंद्र आहे. त्याचे प्रचंड फुगे उपकरणे घेऊन तीस-चाळीस किलोमीटर उंच जातात, आणि उपकरणे हवाई छत्रीने कधी कधी महाराष्ट्रातही उतरतात. पस्तीस किलोमीटरांवरच्या फुग्याला आपल्याकडे सूर्य मावळल्यावरही सुमारे पंचवीस मिनिटे ऊन लागत राहते. खाली अंधारू लागलेले, वर एक पांढराशुभ्र गोळा स्थिर! पाहणाऱ्याला काय वाटेल? फुग्याचा प्रश्न लष्करालाही पडतो. २६ जानेवारी २०१६ रोजी राजस्थानच्या सरहद्दीजवळ आपल्या हवाई दलाने एक फुगा लढाऊ विमानाकरवी पाडला. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी इंफाळच्या विमानतळावर अज्ञात वस्तू दिसल्याने काही तास उड्डाणे थांबली, दोन राफेल विमाने शोधाला गेली आणि काही न सापडता परतली.

वऱ्हाडातील शाळांना एक सूचना. अमरावती आणि अकोला यांच्यात सरळ रेषेत सुमारे ८० किलोमीटर अंतर आहे. हे अंतर म्हणजे आपल्याला फुकट मिळालेले एक उत्तम उपकरण आहे. दोन्ही गावांतून एकाच क्षणी एखादा दिवा पाहिला आणि तो कोणत्या ताऱ्याजवळ आहे याची नोंद केली, तर दोन नोंदींतील फरकावरून अंतर काढता येते. यालाच पराशय म्हणतात. जळत येणारा अग्निबाण अमरावतीच्या डोक्यावर ८० किलोमीटर उंचीवर असेल, तर अकोल्याहून तो ४५ अंशांवर दिसेल. ४०० किलोमीटरांवरचा उपग्रह सुमारे ११ अंश सरकलेला दिसेल. कमी उंचीवरचा फुगा वा ड्रोन असेल, तर दुसऱ्या गावाला बहुधा दिसणारच नाही. आणि गुरू असेल, तर दोन्हीकडून त्याच ताऱ्याशेजारी, केसभरही न हलता.

कोन मोजायला साधनही नको. हात पूर्ण लांब केला, की बंद मुठीची रुंदी सुमारे १० अंश भरते. नोंदीत घड्याळाची वेळ मिनिटापर्यंत, दिशा, क्षितिजापासूनच्या मुठी आणि शेजारच्या ताऱ्याचे नाव, एवढे असले की पुरे. मग तासाभराने पुन्हा पाहा. दिवा ताऱ्यांबरोबर दीड मूठ पश्चिमेला सरकला असेल, तर पंचांग उघडायला हरकत नाही. न सरकता एकाच जागी राहिला असेल, तर तिकडे एखादा मनोरा किंवा टेकडीवरचा दिवा आहे का, ते सकाळी सायकलवर जाऊन पाहून या.