बापजाद्यांचा कागद

रोहिंग्या परदेशी आणि वाशीमच्या माळावर पाल ठोकणारा पारधी भारतीय, असे कायदा सांगतो. तरीही व्यवस्था दोघांनाही एकच प्रश्न विचारते: बापजाद्यांचा कागद कुठे आहे?

ब्रह्मदेशाच्या 1982 च्या नागरिकत्व कायद्याने 1823 पूर्वीपासून वसलेल्या जमातींनाच पूर्ण नागरिक मानले. शासनमान्य 135 जमातींत रोहिंग्यांचे नाव नाही. पिढ्यानपिढ्या अराकानात राबलेला हा समाज जन्मभूमीतच परका ठरला. 2017 च्या लष्करी अत्याचारानंतर सात लाखांहून अधिक माणसे बांगलादेशात पळाली आणि बांबू-ताडपत्रीच्या छावण्यांत कोंबली गेली. भारतात आलेल्यांनाही निर्वासित म्हणून कायदेशीर दर्जा नाही. 1951 च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही. घटनेची 14 व 21 ही कलमे प्रत्येक माणसाला संरक्षण देतात. परंतु देशाबाहेर न घालवले जाण्याचा हक्क फक्त नागरिकाचा, असे सर्वोच्च न्यायालयाने 8 एप्रिल 2021 च्या आदेशात म्हटले.

याचा आपल्याशी संबंध काय? बांगलादेशी आणि रोहिंग्या खोटे जन्मदाखले घेतात, अशा तक्रारींवरून जानेवारी 2025 मध्ये महाराष्ट्र शासनाने उशिराच्या जन्मनोंदींना स्थगिती दिली. मार्चमध्ये नियम अधिक कडक केले. संशय परक्यावर, पण अडवणूक कागद नसलेल्या प्रत्येकाची. उशिराची नोंद कोणाला लागते? पालात, तांड्यावर, ऊसतोडीच्या फडावर जन्मलेल्याला.

जातीच्या दाखल्याचेही तेच. अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950 आणि विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्यांना 1871 च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवले, पोलिसांच्या हजेरीला बांधले, त्यांच्याकडे सातबारा कुठून येणार? तो कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी संपला, पण त्याने पालांत कोणाचे घर उभे राहिले नाही.

आपण परके नाही हे सिद्ध करण्याचा भार 1946 च्या विदेशी व्यक्ती कायद्याने माणसावरच टाकला होता. 2025 च्या नव्या कायद्यानेही तो तिथेच ठेवला. म्हणून रोहिंग्यांच्या प्रश्नाकडे पाठ फिरवणे आपल्याला परवडणारे नाही. ज्या तराजूत त्यांना तोलले, त्यात उद्या आपला माणूस बसेल.

कार्यकर्त्यांनी व शिक्षकांनी एवढे तरी करावे: पालात मूल जन्मले की 21 दिवसांच्या आत नोंद करून घ्यावी. वर्ष उलटले तर जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळेपासून मतदारयादीपर्यंत जन्मदाखलाच आधार आहे. घोषणा नंतरही देता येतील. नोंदीची मुदत थांबत नाही.