रुग्णालयातील बालक आणि मातापित्यांचे सान्निध्य

रुग्णालयात एकटे ठेवलेले लहान मूल आरंभी आक्रोश करते आणि काही दिवसांनी शांत होते. ‘मूल आता रुळले’ असे मानून सभोवतालची मंडळी निश्चिंत होतात. परंतु ही शांतता नेहमीच समाधानाची द्योतक नसते, हे विसाव्या शतकाच्या मध्यास झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. आजारी मुलाला मातापित्यांनी आधार कसा द्यावा, ह्या प्रश्नाचा विचार तेथूनच सुरू करणे इष्ट ठरते.

त्या काळी इंग्लंडमधील बहुतेक रुग्णालयांत आईबापांच्या भेटीवर कडक निर्बंध असत. संसर्गाचे भय हे त्याचे एक कारण. भेटीनंतर मुले रडतात व वॉर्डची शिस्त बिघडते, हे दुसरे. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये जॉन बोल्बी ह्यांचे सहकारी असलेले जेम्स रॉबर्टसन ह्यांनी अशा वॉर्डांतील मुलांचे निरीक्षण केले आणि वियोगाच्या तीन अवस्था वर्णिल्या. प्रथम मूल निषेध करते, मग निराश होते आणि शेवटी अलिप्त बनते. ह्या तिसऱ्या अवस्थेत ते परिचारिकांशी हसते, जेवते, खेळते. मात्र आई आली असता तिच्याकडे पाठ फिरवते. ज्याला ‘रुळणे’ म्हटले जाई, ते वस्तुतः विश्वासाचे मावळणे होते. उलट आईच्या भेटीनंतरचे रडणे हे नाते जिवंत असल्याचे लक्षण होते.

हे निष्कर्ष डॉक्टरांना प्रथम पटले नाहीत. म्हणून १९५२ मध्ये रॉबर्टसन ह्यांनी आठ दिवस रुग्णालयात राहिलेल्या सुमारे अडीच वर्षांच्या एका मुलीचा साधा चित्रवृत्तांत तयार केला. पुढे सर हॅरी प्लॅट ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५९ च्या अहवालात भेटीवरील निर्बंध उठवावेत आणि लहान मुलांसमवेत आईलाही राहू द्यावे, अशी शिफारस केली. शिफारशी अमलात येण्यास मात्र पुष्कळ काळ लागला. त्यासाठी १९६१ पासून लंडनमधील मातांना संघटित प्रयत्न करावे लागले.

भारतात प्रश्नाचे स्वरूप काहीसे निराळे आहे. येथे मुलाच्या खाटेशी आई किंवा आजी बसलेली असणे हा सर्वसाधारण रिवाज आहे. तथापि जवळ असणे आणि विश्वासपात्र असणे ह्यांत अंतर आहे. ‘सुई मुळीच दुखणार नाही’, ‘आपण फिरायला चाललो आहोत’ अशी वाक्ये प्रेमापोटीच उच्चारली जातात; पण सुई दुखते, आणि त्यानंतर त्या माणसाच्या कोणत्याच शब्दावर मूल विसंबत नाही.

मौनाचीही किंमत मोजावी लागते. अमेरिकेतील मानवशास्त्रज्ञ मायरा ब्लूबॉन्ड-लँग्नर ह्यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या तीन ते नऊ वर्षांच्या मुलांचा अभ्यास करून १९७८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. कोणी न सांगताही ह्या मुलांना आपल्या आजाराचे गांभीर्य कळलेले होते. इतकेच नव्हे, तर आईबापांना दुःख होऊ नये म्हणून ती अजाणतेपणाचे सोंग करीत होती. म्हणजे ज्याला आधार द्यावयाचा, तोच आधार देणारा झाला होता आणि आपल्या भीतीसह एकटा पडला होता.

ह्यावरून व्यवहारात काही गोष्टी निष्पन्न होतात. मुलाला त्याच्या वयास पेलेल इतके सत्य सांगावे : काय दिसेल, काय जाणवेल, किती वेळ लागेल आणि त्या वेळी जवळ कोण असेल. अगदी लहान मुलास हे थोडाच वेळ आधी सांगावे, मोठ्यास काही दिवस आधी. आजार म्हणजे आपल्या खोडीची शिक्षा, अशी लहान मुलांची पुष्कळदा समजूत होते. ती स्पष्ट शब्दांत दूर करावी. ‘ऐकले नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील’ हा धाक कधीही घालू नये. बाहेर जाताना मूल झोपले असता निसटून न जाता सांगून जावे, आणि सांगितलेली वेळ पाळावी. घरी परतल्यावर मूल काही काळ अंथरूण ओले करते, रात्री दचकते वा आईला क्षणभर सोडीत नाही. तो हट्ट नव्हे, म्हणून रागावू नये.

हे सारे करण्यास आईबापांनाही आधार लागतो. रक्ताच्या कर्करोगाच्या सर्वांत सामान्य बालप्रकाराचे उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. त्यासाठी मुंबईस येणाऱ्या कुटुंबाचा निवारा सुटतो, रोजगार बुडतो, आणि इतर भावंडे गावी मागे राहतात. अशा कुटुंबांसाठी सेंट ज्यूड संस्थेने २००६ पासून मुंबईत विनामूल्य निवासाची सोय केली आहे. अशी सोय ही उपचाराबाहेरची दया नव्हे. मुलाचा धीर ज्यांच्या धीरावर उभा आहे, त्यांस रात्री निजण्यास जागा मिळणे हा उपचाराचाच एक भाग होय.